वाणाचं झाड

हळदीकुंकवाला बोलावलं की बायका कुंकू लावून घेतात कपाळाला, पण डोळे असतात वाणाच्या टोपलीकडे. यात लाजण्यासारखं काही नाही. कोणी स्टीलची वाटी दिली, कोणी प्लास्टिकचा डबा देऊन बोळवण केली, हे अकोल्याच्या बायकांना पुढच्या संक्रांतीपर्यंत तोंडपाठ असतं. कांचन पातूरकरने आजवर दिलेलं एकही वाण मात्र कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. हे तिला ठाऊक होतं आणि सलतही होतं.

यंदा तिने सगळ्यांची तोंडं बंद केली. टेबलावर मनीप्लँटच्या कुंड्या ओळीने मांडल्या होत्या. पोपटी पानं, कुंडीला जरीची फीत आणि कुंडीच्या बुडाशी एक इवलासा पंखा. तो आवाज न करता फिरत होता.

"काऊन वो कांचन, झाडाले पंखा?" समोरच्या वंदनाताई गावंडे म्हणाल्या. "उन्हाळ्यात त्याले एसी बी लावून देशीन काय?"

सगळ्या हसल्या. वंदनाताई म्हणजे त्या वसाहतीतल्या वयाने आणि जिभेने सगळ्यांत मोठ्या. त्या हसल्या की बाकीच्या हसायच्या, त्या गप्प बसल्या की बाकीच्या चहा प्यायच्या.

कांचन याच प्रश्नाची वाट बघत होती. पदर सावरून ती म्हणाली, "माझ्या मैथिलीने केलंय हे झाड. विकत आणलेलं नाही बरं, केलेलं. नागपूरच्या प्रयोगशाळेत. घरातली खराब हवा खातं."

"हवा खातं? आमचे हे रिटायर झाल्यापासून तेच करून रायले!"

पुन्हा हशा. पण सगळ्यांचे हात कुंड्यांकडे वळलेच. कांचनने एकेकीच्या ओटीत तिळगूळ घातला आणि हातात झाड दिलं. "एकच काम करायचं," ती प्रत्येकीला सांगत होती. "पान लाल झालं की मला कळवायचं. मैथिलीला तेवढंच हवंय."

लाल झालं तर चांगलं की वाईट, हे कोणी विचारलं नाही. विचारणार तरी कशाला? कपाळाला कुंकू, ताटात कुंकू, सवाष्णींनी घर भरलेलं. अशा बैठकीत लाल रंगावर शंका कोण घेईल? मैथिलीने डिसेंबरात आईला सगळं समजावून सांगितलं होतं, नाही असं नाही. पण तेव्हा कांचन लेकीच्या तोंडाकडे बघत बसली होती. काय सुरेख बोलते आपली पोरगी, एवढंच तिच्या डोक्यात शिरलं आणि बाकीचं कानावरून गेलं.

जे तिच्या कानावरून गेलं, ते असं होतं.

चार कुंड्या ठेवल्या की घरातली हवा शुद्ध होते, ही समजूत फार जुनी आणि बहुतांशी चुकीची. कधीकाळी बंद पेटीत झाडं ठेवून प्रयोग झाले, पेटीतली हवा सुधारली आणि लोकांनी पेटीचा न्याय घराला लावला. घर म्हणजे पेटी नव्हे. साध्या झाडांनी घराची हवा धुवायची तर दिवाणखान्यात जंगल लावावं लागेल. त्यापेक्षा खिडकी उघडलेली बरी.

मैथिलीने आणि तिच्या सोबत्यांनी या साध्या झाडात तीन गोष्टी केल्या होत्या. एक, पानांना जादा पाचक रस दिला. फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू ते पान आत घेऊन पचवतं. शाळेच्या प्रयोगशाळेत बरणीतल्या बेडकाला ज्या पाण्यात बुडवतात ना, त्या पाण्यातला हा वायू. दुसरं, हवा खाण्याचं खरं काम पानांपेक्षा मुळांशी राहणारे जिवाणू जास्त करतात. म्हणून कुंडीला पंखा, खोलीतली हवा मातीतून ओढून जिवाणूंना भरवण्यासाठी. आणि तिसरं म्हणजे रंग. बीटाला लाल करणारा रंग तिने झाडात घातला होता, पण कुलूप लावून. हवेतला वायू इतका वाढला की झाडाला तो खाऊन संपेना, तरच ते कुलूप उघडायचं. मग नवी पानं लालभडक येणार. हवा निवळली की पुन्हा हिरवी. थोडक्यात काय, हिरवं पान म्हणायचं 'मी बघून घेते' आणि लाल पान म्हणायचं 'आता माझ्याच्याने होत नाही, तुम्ही बघा'.

सरकारी परवानगी मिळाली होती. आता खरीखुरी घरं हवी होती, माणसं राहतात ती, कुकर-फोडणी-उदबत्तीची. "घरं कुठून आणू आई?" मैथिली म्हणाली होती. आणि कांचन म्हणाली होती, "एवढंच ना? माझं हळदीकुंकू आहे की!"

हळदीकुंकवाच्या दिवशी पुरुषांना घराबाहेर पिटाळतात. कांचनचा नवरा नंदकिशोर दिवेलागणीला परत आला तेव्हा वाणाचं टेबल रिकामं झालं होतं. पुरुषभर उंचीचं मुख्य दार घडवतात तसल्या बांध्याचा तो माणूस, पण लेकीचा विषय निघाला की मऊ व्हायचा.

"सगळी झाडं गेली?" त्याने विचारलं.

"एक उरलं. आपलं."

"म्हणजे आता घरोघरी आपलं किचन आणि किचनमध्ये आपल्या पोरीचं झाड." तो खुर्चीत ऐसपैस बसला. "पातूरकरांना अजून काय पाहिजे, सांग!"

यात फुशारकी होती, पण खोटं काही नव्हतं. त्याचे आजोबा बैलगाड्या करायचे आणि गाडीच्या धुऱ्यावर छिन्नीने कमळ कोरायचे. त्या कमळाची गाडी बाजारात उभी राहिली की लोक चाकाचे आरे न तपासता घ्यायचे. वडिलांनी दारं-खिडक्या केल्या, चौकटीवर कमळ कोरलं. नंदकिशोर मॉड्युलर किचन करायचा आणि प्रत्येक किचनच्या कपाटाला आतून पितळी पट्टी ठोकायचा. वर कमळ, खाली 'पातूरकर'. वसाहतीत ज्या-ज्या घरी कांचनचं येणं-जाणं, तिथे तिथे ती पट्टी. नवं किचन बसवलं की तो घरच्यांना कपाट उघडून वास घ्यायला लावायचा. "हा नव्याचा वास! वर्षभर जात नाही, गॅरंटी!"

गंमत म्हणजे कांचनच्या स्वतःच्या घरी पट्टी नव्हती. तिथे सासऱ्यांनी सागवानात केलेलं जुनं स्वयंपाकघर होतं. जड फळ्या, लाकडी खुंट्या, कडेला कोरलेलं कमळ. ती दर दिवाळीला म्हणायची, "अहो, साऱ्या गावाला किचन दिलं, मला कधी?" आणि तो दर दिवाळीला म्हणायचा, "या हंगामानंतर." दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मार्च लागला आणि अकोल्याने आपलं रूप दाखवलं. उन्हाने डोळे उघडवेनात. पूर्वी असल्या दिवसांत खिडकीत कूलर घरघरायचे, वाळ्याचा वास यायचा. पण पाण्याची बोंब झाली तसे कूलर माळ्यावर गेले आणि घरोघरी एसी आले. आता दोघांतला फरक बघा. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, म्हणून त्याच्यासाठी एखादं दार किलकिलं ठेवावंच लागतं. एसी आतलीच हवा गार करून फिरवत राहतो. दारं बंद, खिडक्या बंद, फटींना पट्ट्या. बाहेर भट्टी आणि आत तीच ती हवा, दिवसरात्र.

तेव्हा पहिला फोटो आला. वंदनाताईंच्या मनीप्लँटला दोन नवी पानं फुटली होती, कुंकवाने माखल्यासारखी लाल. खाली त्यांनी लिहिलं होतं, 'कांचन, पावलं वो तुहं वाण!'

मग काय, झुंबडच उडाली. आज हिचं झाड लाल, उद्या तिचं. 'माझी चार पानं', 'माझी तर सगळी वेल'. कोणीतरी 'कुंकवाचं झाड' असं नाव ठेवलं आणि ते चिकटलं. एकीने त्याला हळदकुंकू वाहिलं, दुसरीने शुक्रवारी साखरफुटाण्यांचा नैवेद्य दाखवला. कांचन बाजारात निघाली की बायका थांबवून विचारायच्या, "अजून आहेत का हो झाडं?" इतका मान तिला लग्नात मिळाला नव्हता. प्रत्येक फोटो ती मैथिलीला पुढे पाठवायची, खाली हात जोडून. मैथिली नोंद करत होती, पण एवढी घरं एकदम लाल कशी, झाडातच काही बिघडलं की काय, अशा शंकेत होती.

घोळ एवढाच होता, की तिचं स्वतःचं झाड हिरवंच्या हिरवं होतं.

"देणारीचंच काऊन हिरवं?" वंदनाताईंनी भिशीत सगळ्यांसमोर विचारलं. "माह्या घरी पाह्य, तुडुंब लाल. अन्वीच्या उशाशी ठेवलं मी. लेकरू खोकलून खोकलून हैराण हाय, म्हटलं देवाचं झाड जवळ असू दे."

अन्वी म्हणजे त्यांची चार वर्षांची नात. तिच्या खोकल्यावर डॉक्टर बदलून झाले होते.

कांचन घरी आली ती धुमसतच. झाडाला तिने शेणखत घातलं, ताक घातलं, देवघरात ठेवलं. ढिम्म. शेवटी तिने कुंडी उचलली आणि नवऱ्याच्या शोरूममध्ये नेऊन नव्याकोऱ्या किचनच्या ओट्यावर ठेवली. गार हवा, काचेची दारं, नव्याचा घमघमाट. आठवड्यात झाड असं लाल झालं की वसाहतीत कोणाचं नसेल! तिने फोटो काढून लेकीला पाठवला. 'बघ, आईचंही झालं. बाबांच्या शोरूममध्ये!'

मैथिलीचा एकदम फोनच आला. आवाज बदललेला होता.

"आई, घरच्या स्वयंपाकघरात ते हिरवं होतं?"

"हो ना, मेलं हलेचना."

"आणि लाल झालेल्या सगळ्या घरांत बाबांचं किचन आहे?"

"सगळ्याच घरांत आहे गं, त्यात काय?"

"मी उद्या येते," मैथिली म्हणाली. "आई, तोवर सगळ्यांना म्हणावं खिडक्या उघडा. ऊन येऊ दे, धूळ येऊ दे, पण उघडा."

कांचनने निरोप पोचवला, पण कारण न सांगता; त्या उन्हात एसी बंद करून खिडक्या उघडणार कोण?

दुसऱ्या दिवशी मैथिली आली ती चप्पल काढायच्या आधी बोलायला लागली. लाकडाचा भुसा आणि ढलप्या गोंदाने चिकटवून किचनच्या कपाटांचे बोर्ड करतात. त्या गोंदातून हा वायू सुटत राहतो, वर्षानुवर्षं. उष्णतेत जास्त सुटतो, आणि बंद घरात साठून राहतो. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, लहान पोरांची छाती भरते. चांगल्या बोर्डातून तो फार थोडा निघतो. या बोर्डातून थोडा निघत नव्हता.

"नव्याचा वास," कांचन पुटपुटली. वंदनाताईंनी झाड नातीच्या उशाशी ठेवलं होतं, देवाचं म्हणून. आणि आपण फोटोखाली हात जोडत होतो!

नंदकिशोरने हे ऐकलं आणि ताटावरून उठला.

"पातूरकरांच्या कामात विष? माझ्या तोंडावर सांगतेस?" तो मैथिलीवर गरजला. "बोर्डावर शिक्का बघून घेतो मी! कमी वायूचा शिक्का! माणसांना डोळे नाहीत आणि झाडाला आहेत होय?"

"बाबा, शिक्का खोटा असू शकतो. तुम्ही खोटे आहात असं मी म्हटलं का?"

"मी रोज त्या वासात उभा असतो. मला काय झालं?"

"तुमच्या नाकाला सवय झाली, बाबा."

तो हात धुऊन तडक बाहेर पडला. पण सुतार तो सुतार, ओळंबा लावून बघितल्याशिवाय भिंतीवरही विश्वास ठेवायचा नाही. दुसऱ्या दिवशी त्याने कारखान्यात काचेची दोन सारखी कपाटं मोकळी केली. एकात नव्या बोर्डाचे तुकडे रचले, दुसऱ्यात वडिलांच्या वेळच्या सागाचे. दोन्हींत मैथिलीने आणलेलं एकेक झाड ठेवून दारं लावली आणि किल्ली खिशात टाकली. कोणाला हात लावू दिला नाही. रोज सकाळी जाऊन बघायचा.

एका सकाळी त्याने कांचनला सोबत नेलं. सागाच्या कपाटातलं झाड हिरवंगार होतं. दुसऱ्यातल्या झाडाच्या शेंड्याला जी दोन नवी पानं होती, ती लाल होती. त्याने ते कपाट उघडलं, डोकं आत घातलं आणि मुद्दाम खोल श्वास घेतला. बाहेर आला तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते सगळंच काही वायूमुळे नव्हतं.

"कांचन, आजोबांची गाडी कधी कोणाच्या अंगावर कलंडली नाही," तो म्हणाला.

घरी आल्यावर त्याने आधी सोपी वाट सुचवली. सोपी वाट सुचतेच माणसाला. "कोणाला सांगायला नको. पावसाळ्याआधी 'मोफत देखभाल' म्हणून घरोघरी जाऊ आणि गपचूप बोर्ड बदलू. त्यांना लाल म्हणजे शुभ वाटतंय, वाटू दे. नाव तरी राहील."

मैथिली खाली मान घालून बसली. म्हणाली, "मी निकाल लिहिताना तुमचं नाव घालणार नाही, बाबा. 'एक स्थानिक उत्पादक' एवढंच लिहीन."

दोघांनीही कांचनकडे बघितलं. खरं सांगायचं तर कांचनलाही ती वाट गोड वाटली. बाजारात मिळणारा तो मान, ते 'पावलं वो तुहं वाण', सगळं तसंच राहिलं असतं. पण तिच्या डोळ्यांपुढून अन्वीची उशी हलेना.

"पावसाळ्याआधी म्हणजे कधी?" तिने विचारलं. "तोवर ते पोर त्याच हवेत झोपणार? आणि आपण सांगायचं नाही? अहो, वाण मी दिलंय. माझ्या हाताने दिलंय. त्याचा अर्थ सांगायचा तर मीच सांगीन, दुसरं कोणी नाही."

"लोक थुंकतील, कांचन."

"थुंकू देत. पुसता येतं."

नंदकिशोर बराच वेळ सासऱ्यांच्या, म्हणजे त्याच्याच बापाच्या, त्या सागवानी फळीवरच्या कमळावरून बोट फिरवत उभा राहिला. मग मैथिलीला म्हणाला, "तू तुझ्या निकालात नाव लिही. पूर्ण लिही. पातूरकर, अकोला. चांगलं झालं तेव्हा नाव आपलं आणि वाईट झालं की 'स्थानिक उत्पादक', असा धंदा आपल्या घरात कोणी केला नाही."

कांचनने त्याच्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस आपला आहे याचा इतका अभिमान तिला कधी वाटला नव्हता.

तिने दुसऱ्याच दिवसाचं चैत्रातलं हळदीकुंकू ठरवलं. पन्हं केलं, कैरी घालून डाळ केली आणि निरोप दिला, येताना आपापलं झाड आणायचं. बायका मिरवत आल्या. दिवाणखाना लाल पानांनी भरून गेला, जणू कोणी कुंकवाचा करंडा लवंडला होता. वंदनाताई अन्वीला कडेवर घेऊन आल्या. पोर खोकतच होतं.

कांचनने कुंकू लावलं, पन्हं दिलं आणि उभी राहिली. तिला भाषण येत नव्हतं. तिने सरळ सांगून टाकलं.

"लाल म्हणजे शुभ नाही. मी चुकले, माझ्या पोरीने सांगितलं होतं, मी नीट ऐकलं नाही. लाल म्हणजे घरातली हवा वाईट आहे. आणि ती आमच्या किचनमुळे वाईट आहे. आमच्या, पातूरकरांच्या. बोर्ड फसवा निघाला, पण बसवला आम्ही."

पन्ह्याचे पेले जिथल्या तिथे थांबले. मग एकदम गलका झाला. "अगं बाई, आणि आम्ही पूजा करत होतो!" "वर्षभर माझं डोकं दुखतंय ते यामुळे?" वंदनाताई मात्र ओरडल्या नाहीत. त्यांनी हातातलं लाल झाड टेबलावर ठेवलं, नातीचं डोकं खांद्याशी धरलं आणि म्हणाल्या, "उशाशी ठेवलं होतं व माय मी. उशाशी." ओरडल्या असत्या तर कांचनला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. हळदीकुंकवात पुरुष येत नाही. नंदकिशोर आला. हातात पेचकस होता. बायकांनी पदर सावरले आणि गलका थांबला.

"ताई," तो वंदनाताईंना म्हणाला, "आधी तुमच्या घरी येतो. पहिल्यांदा माझी पट्टी काढतो. मग वरची, खालची सगळी कपाटं काढतो. नवी होईपर्यंत तुमचा स्वयंपाक आमच्या घरून येईल. पट्टी परत कधी लावायची ते मी ठरवणार नाही. एक अख्खा उन्हाळा, एसी लावून, हे झाड हिरवं राहिलं, तर आणि तेव्हाच."

"आन नाई राहिलं तं?" वंदनाताईंनी विचारलं.

"तर ते काम पातूरकरांचं नाही."

वंदनाताईंनी टेबलावरचं झाड उचललं. त्या नातीला घेऊन निघून गेल्या. पण दार त्यांनी उघडं ठेवलं, आणि तो त्यांच्या मागोमाग गेला.

पुढचे दिवस काही सोपे गेले नाहीत. शोरूम ओस पडलं. वर्तमानपत्रात मैथिलीच्या झाडाची बातमी आली, त्यात तिच्याच बापाचं नाव, आणि लोकांनी ती चवीने वाचली. कोणी म्हणालं, पोरीनेच बापाला बुडवलं. पण नंदकिशोर पहाटे उठून कोणाच्या ना कोणाच्या घरी असायचा. कुठे कपाट बदलायचं, कुठे बोर्डाच्या उघड्या कडा आणि पाठी लाखेने बंद करायच्या, कुठे हवा बाहेर फेकणारा पंखा बसवायचा. कांचन डबे पोचवायची. पंक्तीला बसवतात तसं तिने वसाहतीतल्या निम्म्या घरांना आपल्या सागवानी स्वयंपाकघरातून जेवू घातलं, आणि त्यानंतर तिने मॉड्युलर किचनचं नाव काढलं नाही.

काढलेल्या पितळी पट्ट्या एका कापडी पिशवीत घालून त्याने त्या ओट्याशेजारच्या खुंटीला अडकवल्या होत्या. येता-जाता पिशवीला हात लागला की ती खणखणायची. नवी गिऱ्हाइकं पुन्हा यायला लागली, ती किचन मागण्याआधी झाड मागायची. 'झाड हिरवं राहिलं तरच पट्टी' ही गोष्ट त्याने जाहिरात म्हणून केली नव्हती, पण गावाने तिची जाहिरात केली. मैथिली मुंबईच्या परिषदेत बोलली, तेव्हा कोणीतरी विचारलं की एवढी खरी माहिती देणारा कारखानदार तुम्हाला मिळाला कुठे. ती म्हणाली, "घरी." ते चित्रण नंदकिशोरने इतक्या वेळा बघितलं की कांचनने शेवटी मोबाइल काढून घेतला.

दुसरा उन्हाळा आला तसा तापला आणि गेला. एकेका घरचं झाड हिरवं राहिलं, एकेक पट्टी परत गेली, आणि प्रत्येक वेळी त्या घरची बाई स्वतः पेचकस धरून मळसूत्राला शेवटचा पीळ द्यायची. पिशवी हलकी होत गेली. संक्रांत आली तेव्हा तिच्यात एकच पट्टी उरली होती. वंदनाताईंची.

त्या चैत्रापासून वंदनाताई कांचनच्या उंबऱ्यावर आल्या नव्हत्या. काम करू दिलं, डबा घेतला, डबा धुऊन परत दिला, पण शब्द नाही. अन्वीचा खोकला गेला होता. ती अंगणात खेळताना कांचनला दिसायची, आणि कांचन खिडकीशी उभी राहून निमूटपणे बघायची.

हळदीकुंकू रंगात आलं होतं. यंदाचं वाण साधंच होतं, खणाचा तुकडा. तेवढ्यात दारात वंदनाताई उभ्या राहिल्या. एका हाताला अन्वी, दुसऱ्या हातात कुंडी. वेल कुंडीबाहेर लोंबत होती आणि शेंड्यापासून बुडापर्यंत हिरवी होती, एक ठिपका लाल नाही.

"नंदूभाऊ कुठी हाय?" त्यांनी विचारलं.

"आज बाहेर पाठवलंय ना त्यांना," कांचन कशीबशी म्हणाली. "हळदीकुंकू आहे..."

"त्या रोजी आले होते ना न बोलावता? आज मी बोलावून रायली. आण त्याले."

नंदकिशोर कोपऱ्यावरच्या टपरीवर बसला होता, तो धावत आला. वंदनाताईंनी कुंडी त्याच्या हातात दिली. त्याने एकेक पान उलटून बघितलं, खालून, वरून, जसे आजोबा चाकाचा आरा बघायचे तसं.

"बगून झालं?" वंदनाताई म्हणाल्या. "मंग माही पट्टी कुठाय?"

त्याच्या हातात कुंडी होती, म्हणून खुंटीवरची पिशवी कांचनने काढून दिली. कमळ तिने पदराने पुसलं. वंदनाताईंनी पट्टी हातात घेऊन उजेडात धरली.

"चांगली सरळ ठोकजो आता," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी तिरपी होती."

"तिरपी?" नंदकिशोरचं तोंड लाल झालं. "पातूरकरांची पट्टी तिरपी?"

"होती म्हणजे होती. चाल, दाखवतो. आन लेव्हल घे सोबत!"

तो पेचकस आणि लेव्हल घेऊन तडातडा निघाला, मागे वंदनाताई, आणि त्यांच्या मागे अर्धं हळदीकुंकू. कांचनने अन्वीला कडेवर उचललं, तिच्या कपाळाला कुंकवाचा टिळा लावला, हातात तिळगूळ दिला आणि तीही त्यांच्यामागे निघाली.